ठराव आणि तळे : महाड नगरपालिकेचा कारभार व चवदार तळ्याचा प्रश्न (१९२३ ते १९३७)

प्रस्तावना

महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. चरित्रे, आठवणी, गौरवग्रंथ आणि अलीकडील चिकित्सक अभ्यास या सर्वांतून २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७ या दोन तारखा वाचकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. पहिल्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. दुसऱ्या दिवशी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या तारखांच्या मागेपुढे मात्र आणखी तीन तारखा आहेत आणि त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळ्यासंबंधी एक ठराव केला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनेच तो रद्द केला. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या वापरासंबंधीच्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. यांतील पहिल्या दोन तारखा नगरपालिकेच्या सभांच्या आहेत. अशा सभांत दिवाबत्ती, रस्तेसफाई, घरपट्टी आणि बाजाराची जागा यांसारखे विषय एकामागून एक निकाली निघत असतात.

प्रस्तुत लेखात चवदार तळ्याच्या प्रश्नाकडे या नित्याच्या कारभाराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. १९२७ चा संघर्ष केवळ रूढी आणि समता यांच्यातील नव्हता. एका लहान नगरपालिकेचा मंजूर ठराव आणि त्याची न झालेली अंमलबजावणी यांच्यातील तीन वर्षांच्या अंतरातही त्याचे मूळ आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

खाडीकाठचे गाव आणि त्याची म्युनिसिपालिटी

महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले जुने व्यापारी गाव होय. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर होड्या आत येत. घाटावरून वरंध्याच्या वाटेने उतरणारा माल आणि समुद्रमार्गे येणारा माल यांची येथे गाठ पडे. गावालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी या मार्गाचे प्राचीनत्व दर्शवितात. रायगड किल्ला जवळच असल्याने शिवकाळातही या परिसराला महत्त्व होते. पेशवाईच्या उत्तरार्धात, १७९६ मध्ये, नाना फडणीसांचा मुक्काम येथे असताना पुण्याच्या राजकारणाची सूत्रे काही काळ महाडातून हलली. ब्रिटिश अमदानीत महाड हे कुलाबा जिल्ह्यातील (आजचा रायगड जिल्हा) तालुक्याचे ठिकाण झाले. मामलेदार कचेरी आणि दिवाणी न्यायालय तेथे होते. परिसरातील खेड्यांतील महार, चांभार आदी समाजांतील लोकांना कचेरीच्या व बाजाराच्या कामासाठी गावात यावे लागे. हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण तळ्याच्या पाण्याची गरज गावात राहणाऱ्यांइतकीच गावात येणाऱ्यांनाही होती.

महाडला नगरपालिका स्थापन झाली ती १८६० च्या दशकाच्या मध्यात. त्या काळी मुंबई इलाख्यातील मुंबईबाहेरच्या गावांत म्युनिसिपालिटी स्थापन होई ती १८५० च्या २६ व्या कायद्याखाली. पुढे १८७३, १८८४ आणि १९०१ अशा टप्प्यांनी या संस्थांची घटना बदलत गेली. लॉर्ड रिपन यांच्या धोरणानंतर निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढले. परंतु मताधिकार मालमत्ता व करभरणा यांच्याशी निगडित राहिला. म्हणजे गावात ज्याचे घर, ज्याची पट्टी, त्याचे मत. ज्यांची घरे गावाबाहेर आणि ज्यांची मिळकत कराच्या कक्षेत न येणारी, त्यांचा या संस्थेशी संबंध मुख्यतः सफाईच्या कामापुरता येई. ‘स्थानिक स्वराज्य’ या संज्ञेतील ‘स्व’ कोणाचा, हा प्रश्न महाडपुरता तरी या मताधिकाराच्या नियमातच दडलेला होता.

१९०१ चा मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायदा या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. या कायद्याच्या ५० व्या कलमान्वये गावातील सार्वजनिक स्वरूपाची मालमत्ता नगरपालिकेकडे निहित होत असे. चवदार तळे याच कलमाखाली महाड नगरपालिकेकडे निहित झालेले होते. पाणीपुरवठा व स्वच्छता ही नगरपालिकेची कर्तव्ये मानली गेली होती. त्याचबरोबर, नगरपालिकेचा एखादा ठराव बेकायदेशीर असल्यास किंवा त्यामुळे शांतताभंगाचा संभव असल्यास त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार कलेक्टरकडे राखून ठेवलेला होता. करण्याचा अधिकार सभासदांना आणि थांबविण्याचा अधिकार कलेक्टरला, अशी ही रचना होती. न केलेले काम करवून घेण्याच्या बाबतीत मात्र प्रशासन बहुधा सल्ला देण्यापलीकडे जात नसे.

तळ्याचे भौतिक स्वरूप

न्यायालयीन निकालात तळ्याचे जे वर्णन आले आहे ते मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. तळ्याचे क्षेत्र सुमारे ४ ते ५ एकर होते. त्याचे वय निदान अडीचशे वर्षे असल्याचे उभय पक्षांना मान्य होते. मात्र ते कोणी व केव्हा बांधले याचा पुरावा न्यायालयासमोर आला नाही, किंबहुना ते मुळात मानवनिर्मित आहे की नैसर्गिक, हेही निश्चित ठरले नाही. तळ्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते होते आणि रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंची व काही थोडी मुसलमानांची घरे होती. अस्पृश्यांचे एकही घर जवळपास नव्हते. या घरांपैकी अनेकांच्या मालकांकडे तळ्याच्या काठावरील जमिनीच्या पट्ट्यांची, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची आणि काठाच्या बांधकामाची मालकी होती.

या वर्णनातून एक विलक्षण स्थिती समोर येते. पाणी नगरपालिकेचे, भोवतालचा रस्ता नगरपालिकेचा. परंतु रस्ता आणि पाणी यांच्यामधील काही हातांची जागा पुष्कळ ठिकाणी खाजगी. सार्वजनिक पाणवठा ‘खुला’ करणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नाचे उत्तर अशा ठिकाणी एका वाक्याच्या ठरावाने मिळत नाही. कोणत्या घाटावरून कोणी उतरावे, तो घाट कोणाचा, अडवणूक झाल्यास कोणी हस्तक्षेप करावा, हे ठरविल्याशिवाय पाणी प्रत्यक्षात खुले होत नाही. १९२४ च्या ठरावाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

शिफारस, परिपत्रक आणि ‘हरकत नाही’

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालविलेले, किंवा शासननियुक्त अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. तिचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. परंतु शिफारस ही आज्ञा नव्हे. शासनाने ११ सप्टेंबर १९२३ रोजी काढलेल्या आदेशात हा फरक जपलेला दिसतो. शासनाच्या स्वतःच्या मालकीच्या व शासनाने चालविलेल्या स्थळांबाबत खातेप्रमुखांनी ठराव अमलात आणावा, असे त्यात सांगितले होते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्या संस्थांना शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले होते. सल्ला, तोही विचार करण्याचा, आणि विचार इष्टतेचा! प्रशासकीय भाषेत जबाबदारी किती पायऱ्यांनी खाली उतरविता येते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

या परिपत्रकाची दखल इलाख्यातील सर्वच संस्थांनी घेतली असे झाले नाही. महाड नगरपालिकेने ती घेतली, आणि याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने ठराव केला. अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांचे नाव महाडमधील या उदारमतवादी प्रवाहाशी निगडित आहे. सामाजिक सुधारणेशी निष्ठा असलेला एक लहान पण प्रभावी गट त्या काळी महाडात होता, हे १९२७ च्या परिषदेच्या आयोजनातूनही दिसून येते.

ठरावाच्या शब्दयोजनेकडे मात्र चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. ‘हरकत नाही’ असे म्हणणारी संस्था स्वतःकडे परवानगी देणाऱ्याची भूमिका घेते, करणाऱ्याची नाही. पाण्यापर्यंत जाण्याची सोय करणे, दवंडी पिटवून लोकांस कळविणे, तळ्यावर फलक लावणे, एखादा घाट नगरपालिकेच्या वतीने निश्चित करणे, यांपैकी कशाचेही बंधन अशा शब्दरचनेतून उत्पन्न होत नाही. स्थानिक संस्थांच्या कारभाराशी परिचय असलेल्या कोणासही हे ठाऊक असते की, ज्या ठरावाच्या मागे खर्चाची तरतूद नाही आणि ज्याची अंमलबजावणी कोणाकडेही सोपविलेली नाही, तो ठराव बहीमध्येच राहतो. महाडचा ठराव तीन वर्षे बहीमध्येच राहिला. या काळात अस्पृश्यांनी तळ्याचा वापर केल्याचा दाखला नाही. स्पृश्यांनीही ठरावास उघड विरोध करण्याचे कारण पडले नाही. विरोध करण्याजोगे काही घडलेच नव्हते.

नगरपालिकेने ठराव अमलात का आणला नाही, याचे एक कारण मतदारसंघात शोधावे लागते. तळ्याभोवतालची घरे ही गावातील जुन्या, प्रतिष्ठित घरमालकांची होती. हेच करदाते, हेच मतदार आणि सभासदही याच वर्गातून येणारे. ठराव संमत करण्यास जेवढे धैर्य लागते त्याहून किती तरी अधिक धैर्य शेजाऱ्याच्या पायरीवर फलक लावण्यास लागते. सुधारणेच्या इतिहासात व्यक्तींच्या मनोवृत्तीची चर्चा पुष्कळ होते. संस्थेच्या रचनेने त्या मनोवृत्तीला कितपत वाव दिला याची चर्चा त्यामानाने कमी होते. टिपणीस यांच्यासारख्या व्यक्तीची तळमळ निःसंशय होती. ती सभागृहाबाहेर जाण्यासाठी लागणारे साधन मात्र संस्थेकडे नव्हते, किंवा असूनही ते वापरले गेले नाही.

अंमलबजावणी होत नसल्याची जाणीव विधिमंडळासही झाली होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी पुन्हा ठराव मांडला. पूर्वीच्या शिफारशीची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांना शासनाने अनुदान देऊ नये, असा त्याचा रोख होता. अनुदान रोखणे हाच अशा संस्थांना समजणारा युक्तिवाद आहे, हे बोले यांनी अचूक ओळखले होते.

चाळीस रुपयांचे पाणी

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेच्या उभारणीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आदी मंडळी सहभागी होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी एक लहानशी नोंद केली आहे : परिषदेसाठी लागणारे पाणी स्पृश्य हिंदूंकडून चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले. मोठ्या घटनांच्या वर्णनात ही नोंद सहज निसटून जाते. पण १९२४ च्या ठरावाची तीन वर्षांतील फलश्रुती याहून नेमकेपणाने सांगणारा दुसरा आकडा मिळणे कठीण. ज्या गावच्या नगरपालिकेची तळ्याच्या वापरास ‘हरकत’ नव्हती, त्याच गावात, त्याच नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या सहकार्याने भरलेल्या परिषदेला पाणी विकत घ्यावे लागत होते.

२० मार्च रोजी परिषदेतील प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. या कृतीचा कायदेशीर अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. कोणताही कायदा मोडला गेला नाही. विधिमंडळाची शिफारस, शासनाचा आदेश आणि नगरपालिकेचा ठराव हे तिन्ही अस्पृश्यांच्या बाजूचे होते. ‘सत्याग्रह’ या शब्दाने अन्यायी कायद्याचा भंग सूचित होतो. महाडला घडला तो मंजूर ठरावाचा अंमल होता. नगरपालिकेने तीन वर्षांत जे केले नाही ते परिषदेच्या प्रतिनिधींनी काही मिनिटांत केले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार असल्याची खोटी आवई उठविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, हा इतिहास सुपरिचित आहे. दुसऱ्या दिवशी तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. तळ्यातील १०८ घागरी पाणी बाहेर काढून, त्यात पंचगव्य मिसळून मंत्रोच्चारासह ते पुन्हा तळ्यात ओतले गेले. नगरपालिकेकडे निहित असलेल्या तळ्यावर हा विधी झाला. तळ्याचा खरा कारभारी कोण, हे गावाने त्या दिवशी आपल्या परीने जाहीर केले असे म्हणावे लागेल.

३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले आणि महाडच्या घटनांची चर्चा त्यातून इलाखाभर पोचली. एका तालुक्याच्या गावातील पाणवठ्याचा विषय आता गावाच्या सभागृहापुरता राहिला नव्हता.

रद्द करण्याचा ठराव

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव विधिमंडळात संमत झाला तीही ४ ऑगस्टच. चार वर्षे त्या दिवशी बरोबर पूर्ण होत होती. हा योगायोगच असावा, तथापि त्यातून घटनांचे वर्तुळ ठळक होते.

रद्द करण्याची प्रक्रिया मंजूर करण्याच्या प्रक्रियेइतकीच रीतसर होती. सभा झाली, विषय आला, मते पडली, नोंद झाली. १९२४ चा ठराव कागदावर होता तोवर तो कोणास खुपला नाही. त्याचा वापर होताच तो मागे घेण्यात आला. येथे एक तात्त्विक मुद्दा उपस्थित होतो. नगरपालिकेने तळ्याच्या वापराचा हक्क आपल्या ठरावाने दिला होता, असे मानले तर तो ठराव रद्द होताच हक्कही संपला असे मानावे लागेल. परंतु तळे सार्वजनिक मालमत्ता म्हणून नगरपालिकेकडे निहित असेल, तर त्याच्या वापराचा हक्क मुळातच सर्व नागरिकांचा ठरतो. १९२४ च्या ठरावाने तो दिला नव्हता, केवळ मान्य केला होता, आणि १९२७ च्या ठरावाने तो काढूनही घेता येत नव्हता. आंबेडकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे न्यायालयात घेतलेली भूमिका याच दुसऱ्या दिशेची होती. तळे सरकारी मालकीचे, ते नगरपालिकेकडे आलेले आणि म्हणून सर्वांसाठी खुले, असे त्यांचे म्हणणे होते. ठरावाचा आधार निघून गेल्यानंतर उलट अधिक भक्कम पायावर उभे राहणे त्यांना भाग पडले. रद्दबातल ठरावाने विरोधकांच्या कल्पनेत नसलेला हा एक परिणाम घडविला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरविण्याचे ठरले. त्यापूर्वीच, १२ डिसेंबर १९२७ रोजी, काही स्पृश्य हिंदूंनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २४ डिसेंबरला आंबेडकर व सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले व दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरून पायी महाडला पोचले. परिषदेस कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा ती एका मुस्लिम गृहस्थाच्या जागेत भरली. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी मनाई हुकमाकडे लक्ष वेधले. वाद सरकारशी नसून गावातील स्पृश्यांशी आहे आणि न्यायालयात बाजू मांडण्याचा मार्ग खुला आहे, हे जाणून परिषदेने तळ्यावरील कृती स्थगित केली. हा निर्णय अनेक प्रतिनिधींना रुचला नव्हता. तरीही पुढील दहा वर्षांचा इतिहास पाहता तो दूरदर्शी होता, असे म्हणण्यास जागा आहे.

न्यायालयातील तळे

दाव्याचा प्रवास दीर्घ होता. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठविण्यात आला. महाड न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला, ठाणे येथील सहायक न्यायाधीशांनी ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळले, आणि न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्या खंडपीठाने १७ मार्च १९३७ रोजी नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या दुसऱ्या अपिलाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

या निकालाचे वर्णन सर्रास ‘अस्पृश्यांचा पाण्याचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला’ असे केले जाते. परिणामाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. कारणमीमांसेच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. स्पृश्य वादींनी प्रारंभी तळ्याच्या मालकीचाच दावा केला होता. उच्च न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा तळे १९०१ च्या कायद्याच्या ५० व्या कलमाखाली नगरपालिकेकडे निहित आहे हे उभयपक्षी मान्य झालेले होते. त्यामुळे वादींना केवळ प्राचीन रूढीचा आधार उरला. तळ्याचा वापर फक्त स्पृश्यच करीत आले आहेत व ही रूढी स्मरणातीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आणलेला पुरावा मात्र प्रामुख्याने नगरपालिका स्थापन झाल्यानंतरच्या सुमारे साठ वर्षांचा होता. त्यापूर्वीही असेच चालत होते हे त्यावरून सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी मानले आणि रूढी स्मरणातीत असल्याचे शाबीत झाले नाही, या कारणाने अपील फेटाळले गेले.

यातील एक बाब या लेखाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. अस्पृश्यांच्या वगळणुकीचा जो काळ पुराव्याने सिद्ध झाला, तो नेमका नगरपालिकेचा काळ होता. म्हणजे तळे सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असतानाच त्याचा वापर गावातील एका विभागापुरता राहिला होता, आणि संस्थेने ते चालू दिले होते. पेशवाईत किंवा त्याआधी तळ्यावर काय चालत असे, हे न्यायालयास सांगता आले नाही. आधुनिक कायद्याने निर्माण केलेल्या संस्थेच्या अमदानीत काय चालले हे मात्र साक्षीपुराव्याने स्पष्ट झाले. रूढी ही परंपरेची देन आणि नगरपालिका ही आधुनिकतेची, ही सोयीची विभागणी येथे टिकत नाही.

दुसरी बाब न्यायालयाने निकालाच्या शेवटी नमूद केली आहे. रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे काय याचा विचार कदाचित करावा लागला असता. तळे नगरपालिकेकडे निहित असण्याचा कायदेशीर परिणाम काय, याचाही विचार निश्चितच करावा लागला असता. आणि ज्या दाव्यात नगरपालिका पक्षकारच नाही, त्या दाव्यात वादींना दाद देता येईल काय हाही प्रश्न उद्भवला असता. तळ्यासाठी गावातील दोन समूह दहा वर्षे न्यायालयात होते आणि ज्या संस्थेकडे तळे निहित होते ती त्या वादात पक्षकार म्हणून नव्हतीच. १९२४ मध्ये तिने ‘हरकत नाही’ असे म्हटले, १९२७ मध्ये ते मागे घेतले, आणि त्यानंतर या खटल्यात तिच्याकडून दोहोंपैकी कोणतीच भूमिका मांडली गेली नाही. समतेच्या तत्त्वावर निर्णय देण्याची वेळही न्यायालयावर आली नाही; रूढीच्या पुराव्यावरच प्रश्न निकाली निघाला.

स्थानिक संस्था आणि बहुमत

महाडच्या अनुभवाचे प्रतिबिंब आंबेडकरांच्या स्थानिक संस्थांविषयीच्या पुढील भूमिकेत शोधता येते. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी केवळ प्रौढ मताधिकार अस्पृश्यांच्या दृष्टीने पुरेसा नाही, राखीव प्रतिनिधित्वाची तरतूद हवी, असा आग्रह धरला. पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यासही विरोध केला. हा विरोध विकेंद्रीकरणाच्या तत्त्वाला होता असे काही अभ्यासक मानतात. परंतु ज्याने एका नगरपालिकेला स्वतःचाच ठराव बहुमताने पुसून टाकताना पाहिले होते, त्याच्या दृष्टीने प्रश्न अधिकार कोठे असावेत एवढाच नव्हता, सभागृहात कोण बसलेले असावे हाही होता. महाडचा १९३२ च्या भाषणाशी थेट कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये, हे खरे. दोन्हींतील युक्तिवादाचा धागा मात्र एकच आहे.

पुढे १९४६ च्या मुंबई हरिजन (सामाजिक अक्षमता निवारण) कायद्याने या प्रश्नाला इलाखा पातळीवर वैधानिक रूप दिले. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये संपूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधीतून चालविलेल्या अथवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई करण्यात आली. ‘सार्वजनिक निधी’ ही बोले यांच्या ठरावातील कसोटी या शब्दयोजनेत ओळखू येते. त्यात नव्याने आलेला ‘सर्वसामान्य जनतेसाठी समर्पित’ हा पर्याय महाडसारख्या, मूळ बांधणाराच ज्ञात नसलेल्या तळ्यांनाही लागू पडतो. आणि अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या संज्ञेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणांचा, म्हणजेच नगरपालिकांचाही, स्पष्ट समावेश आहे.